सूनबाईंची पदवी आणि माझी करंगळी

माझ्या डाव्या पायाला आता चारच बोटे आहेत. पाचवे, म्हणजे करंगळी, गेल्या वर्षीच्या जून महिन्यात शस्त्रक्रियेने काढावे लागले. त्याच्या तीन दिवस आधी माझ्या सुनेने व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या सत्राचा शेवटचा पेपर दिला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे मी पुष्कळ दिवस सर्वांना सांगत होतो. ते खरे नव्हते. संबंध होता, आणि तो माझ्या गप्प राहण्यात होता. आज अनेक घरांत चाळिशीतली मुले-सुना नोकरी सांभाळून नव्याने शिकत आहेत आणि माझ्या वयाची माणसे त्यांच्या मागे उभी आहेत. त्या दोघांसाठीही हे लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षक. वय ७३. सोळा-सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. पत्नीचे निधन झाल्यापासून अमरावतीच्या घरी एकटाच राहतो. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात अकोल्याला असतात. मुलाची नोकरी फिरतीची. महिन्यातले निम्मे दिवस तो बाहेरगावी. सून अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका दालमिलमध्ये हिशेब आणि खरेदी पाहते. तुरीचे भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे, अशा धंद्यात पंधरा वर्षे काढल्यावर तिला वाटू लागले की आपल्याला काम येते, पण त्यामागचे शास्त्र कुणी शिकवलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी होती. वय ४१. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, मी एक्झिक्युटिव्ह एमबीए करू म्हणते. दोन वर्षांचं आहे. तुमचं काय म्हणणं?”

मी म्हणालो, “शिकाले वय लागते काय? कर तू. नातीले मी पाहीन.” एवढे बोलून मी वरणात भाकरी कुस्करली. ‘पाहीन’ या एका शब्दात काय काय येते, याचा विचार तिनेही केला नाही आणि मीही केला नाही.

ही पदवी म्हणजे काय?

या अभ्यासक्रमाचे नाव नवे वाटले तरी कल्पना जुनी आहे. नोकरीत मुरलेल्या माणसांनी नोकरी न सोडता शिकावे, यासाठी शिकागो विद्यापीठाने १९४३ साली असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. मात्र वऱ्हाडातल्या नोकरदाराला ही सारी गावे दूरचीच होती. अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले ते १९८३ मध्ये. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरबसल्या शिकणाऱ्यांना दार उघडले. नागपूरला भारतीय व्यवस्थापन संस्था आली ती २०१५ मध्ये. इंटरनेटवरून वर्ग भरू लागल्यावर अकोल्यातल्या जेवणाच्या टेबलावर बसून नागपूर-मुंबईचे प्राध्यापक ऐकणे शक्य झाले.

‘एक्झिक्युटिव्ह’ हे नाव लावलेला प्रत्येक अभ्यासक्रम पदवी देतोच असे नाही. काहींत पदविका मिळते, तर काहींत नुसते प्रमाणपत्र. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण त्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्याआधी स्वतः तपासावे लागते. सुनेने ते तपासले होते. शुल्क, हप्ते आणि परीक्षेच्या तारखा एका वहीत नीट लिहिल्या होत्या. त्या वहीत माझे नाव मात्र कुठेच नव्हते. मला दिलेले काम तिथे लिहिलेले नव्हते, त्यामुळे त्याचा हिशेबही झाला नाही.

पंधरा तास आले कुठून?

वर्ग शनिवारी दुपारी तीन तास आणि रविवारी सकाळी तीन तास. शिवाय प्रत्येक सत्रात पाच दिवस नागपूरला प्रत्यक्ष हजेरी. वाचन, गटाचे प्रकल्प आणि गृहपाठ धरून आठवड्याला साधारण पंधरा तास लागत. आठवड्याचे तास तर १६८ च राहतात, म्हणजे हे पंधरा तास कुठून तरी काढावेच लागतात. सुनेने काही झोपेतून काढले. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरातला दिवा लागे. काही नातीच्या वाट्याचे गेले. उरलेले माझ्याकडून आले.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी अमरावतीहून एसटीने अकोल्याला जायचो आणि सोमवारी सकाळी परतायचो. ६५ वर्षांवरील प्रवाशांना महामंडळाच्या बसमध्ये अर्धे तिकीट लागते, पंच्याहत्तरी ओलांडली की प्रवास मोफत. त्यामुळे खर्चाची तक्रार नव्हती. रस्ताही उत्तम. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला होता. बडनेरा गेले की मूर्तिजापूर, मग बोरगाव मंजू आणि अकोला. खिडकीशी बसून मी नातीसाठी गोष्टी जुळवायचो. खरे सांगतो, पत्नी गेल्यानंतर इतका आनंद मला कशातच मिळाला नव्हता. कुणाला तरी आपली गरज आहे, ही भावना म्हातारपणी औषधासारखी असते. पण कोणत्याही औषधाप्रमाणे तिचीही मात्रा जास्त होऊ शकते.

हळूहळू माझे सकाळचे फिरणे सुटले. शनिवार-रविवारी जेवणाच्या वेळा पुढे सरकू लागल्या. साखरेची तपासणी दोनदा चुकली. डॉक्टरांची तारीख नेमकी सुनेच्या नागपूरच्या आठवड्यात आली, तर मीच ती पुढे ढकलली. कुणी मला तसे सांगितले नव्हते.

अंबादेवीच्या अंगणात

मे महिन्याच्या अखेरीस एका मंगळवारी भर दुपारी मी अंबादेवीच्या दर्शनाला गेलो. चपला बाहेर काढल्या. वऱ्हाडातले त्या दिवसांतले ऊन वाचकांना सांगायला नको; तापलेल्या फरशीवर माणसे टाचा उचलून पळत होती. मी शांतपणे चालत होतो. आपल्याला चटका कसा बसत नाही, याचे मला थोडे कौतुकच वाटले. ज्याचे कौतुक वाटले, तेच खरे तर आजाराचे लक्षण होते.

संध्याकाळी डाव्या करंगळीखाली आणि चवड्यावर मोठे फोड दिसले. दुखत काहीच नव्हते. मी हळद आणि खोबरेल तेल लावले. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “गुरुजी, पायाले काय झालं जी?” मी म्हणालो, “काई नाई, चप्पल लागली.” सुनेची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. आता सांगितले तर ती रजा काढेल, अमरावतीला येईल, अभ्यास बुडेल. परीक्षा झाली की सांगू, असे मी ठरवले.

पुढचे तीन शनिवार-रविवार मी अकोल्याला पायात मोजे घालून वावरलो. नातीने विचारले, “आजोबा, एवढ्या गर्मीत मोजे?” मी डासांचे निमित्त सांगितले. तिसऱ्या रविवारी सकाळपासून अंगात कसकस होती. दुपारी सुनेचा शेवटचा पेपर संपला. ती टेबलावरून उठली आणि त्याच वेळी नात ओरडली, “आई, आजोबांच्या मोज्याला रक्त आहे!”

मोजा काढला तेव्हा खोलीत वास पसरला. सून एक शब्दही बोलली नाही. तिने गाडी काढली आणि मला थेट रुग्णालयात नेले. रक्तातली साखर ३८० होती. एक्स-रेमध्ये जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचलेला दिसला. बुधवारी करंगळी काढली. नऊ दिवस मी रुग्णालयात होतो. शल्यचिकित्सक म्हणाले, “पहिल्याच दिवशी आला असता, तर बहुधा मलमपट्टीवर भागले असते.”

पाय का कळवत नाही?

मधुमेह अनेक वर्षे राहिला आणि साखर वाढलेली असली की नसांना इजा होते. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायांच्या असल्याने बधिरपणा बहुधा पावलांपासून सुरू होतो. काहींना मुंग्या येतात, काहींना रात्री आग होते, तर काहींना काहीच जाणवत नाही. त्यांना आपले पाय ठीक आहेत असेच वाटते. चटका, खडा, घट्ट बूट यांची सूचना मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरत नाही आणि साखर जास्त असेल तर जंतूंना आयतेच फावते. दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ आहे, हा समज अशा पायाला सर्वांत घातक ठरतो.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्यावर ठिकठिकाणी स्पर्श करतात आणि तो कळतो का ते विचारतात. पाच मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे. ती मी कधीच करून घेतली नव्हती.

रोजच्या काळजीच्या गोष्टीही साध्या आहेत. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये, घरातही नाही. देवळात जायचे तर पहाटे जावे आणि पायात जाड सुती मोजे असावेत. पाय धुण्याचे पाणी कोपराने पाहावे, पायाने नाही. बेचक्या कोरड्या कराव्यात. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये. भाजले तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. हळद, तेल, टूथपेस्ट असे काही लावू नये. आणि पायाला कोणतीही जखम झाली तर एका दिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवावी.

“बोट पुन्हा देता येते का?”

रुग्णालयातल्या चौथ्या दिवशी सून पहिल्यांदा रागावली. “पेपर पुढच्या सत्रात पुन्हा देता आला असता, बाबा. बोट पुन्हा देता येते का?” मग थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, “तीन शनिवार तुम्ही माझ्यासमोर बसला होता. मी एकदाही खाली पाहिलं नाही.” तिने अभ्यासक्रम सोडायचे ठरवले होते.

मी म्हणालो, “तू सोडलं तं माह्यं बोट फुकट गेलं.” हे बोलताच लक्षात आले की हे चुकले. आधी गप्प राहून मी तिच्यावर ओझे टाकले होते आणि आता बोलूनही ओझेच टाकत होतो. तिने ते बरोबर ओळखले. “तुमच्या बोटासाठी मी शिकणार नाही,” ती म्हणाली. “मला शिकायचं आहे म्हणून शिकीन. पण आता घर असं चालणार नाही.”

शिकणाऱ्या सुनेकडे घरातली वडीलधारी माणसे कशी पाहतात, हा आपल्याकडचा जुना प्रश्न आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ मध्ये विवाह झाल्यावर रमाबाई पतीच्या प्रोत्साहनाने शिकू लागल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा त्यांना विरोध सोसावा लागला. पुढे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे. आज आपल्या पिढीतल्या अनेकांनी विरोध सोडला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण विरोध सोडून आपण दुसऱ्या टोकाला गेलो, मूक त्यागाला. पोथ्या-कीर्तनांतून आपल्याला त्याचे फार कौतुक शिकवलेले असते. मात्र ज्याच्यासाठी त्याग केला, त्याला तो नंतर कळतो आणि जन्मभर सलत राहतो.

घराची नवी घडी

मी घरी आल्यावर मुलगाही रजा घेऊन आला आणि आम्ही चौघे एकत्र बसलो. दालमिलमध्ये एखादे यंत्र बंद पडले तर सगळी गिरणी थांबू नये, म्हणून नेहमी लागणारा सुटा भाग आणून ठेवलेला असतो. वर्गातही तिला तेच शिकवले होते : कोणत्याही कामाचा जीव एकाच माणसात अडकता कामा नये. आमच्या घरात शनिवार-रविवारचा जीव एकट्या माझ्यात अडकला होता. त्या बैठकीत पाच गोष्टी ठरल्या.

पहिली, प्रत्येक कामाला दुसरा माणूस. महिन्यातले दोन शनिवार-रविवार मुलाने घरी राहायचे. त्याने तशी पाळी मागून घेतली. स्वयंपाकाला मावशी ठेवल्या. मी महिन्यातून दोनदाच जायचे, आणि बरे वाटत नसेल तर ‘या वेळी नाही’ म्हणायचे. असे म्हणण्याची मला कुणी बंदी केली नव्हती, पण परवानगी आहे हे कुणी सांगितलेही नव्हते.

दुसरी, परीक्षा असली तरी सांगायच्याच गोष्टी. त्यांची यादी आम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाशेजारी चिकटवली आहे : पायाची जखम, छातीत दडपण वा धाप, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, पडणे, एकाएकी असंबद्ध बोलणे, थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, शौचातून रक्त, दोन वेळा जेवण न जाणे. यादीखाली १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १४५६७ हा ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनीचा क्रमांक आहे.

तिसरी, जेवणाची वेळ. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा गोंधळ जाणवला आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी. हे आता नातीलाही पाठ आहे.

चौथी, पैसा. माझ्या आजारपणासाठी ठेवलेल्या मुदतठेवीतून शुल्काचा हप्ता भरायचा नाही. मी तो द्यायला निघालो होतो. सुनेने शैक्षणिक कर्ज घेतले.

पाचवी, तिची झोप. पहाटे साडेचारला उठायचे तर रात्री दहाला दिवा बंद. सांभाळणारा माणूसच थकला तर सांभाळले जाणाऱ्याचेही खरे नाही. शेवटच्या सत्रात तिने एका ऐच्छिक विषयाचा मोठा प्रकल्प नाकारला आणि लहान घेतला. गुण थोडे कमी पडले, पण त्याने काही बिघडले नाही.

वाचकांपुढे दोन प्रश्न

ज्यांच्या घरी कुणी असे शिकणार असेल, त्यांनी प्रवेशाआधी एकत्र बसून दोन प्रश्न विचारावेत. शिकणाऱ्याने विचारावे : आठवड्याचे हे पंधरा तास कुणाकुणाकडून येणार आहेत, आणि त्या प्रत्येकाला मी विचारले आहे का? ज्येष्ठांनी स्वतःला विचारावे : मी ‘हो’ म्हणालो ते माझ्या तब्येतीला विचारून म्हणालो का? दोन्ही उत्तरे वहीत लिहावीत आणि दर सत्राच्या सुरुवातीला वही पुन्हा उघडावी, कारण सहा महिन्यांत म्हाताऱ्या माणसाची तब्येत बदलते.

जे दूर राहतात, त्यांनी फोनवर ‘बरे आहात ना?’ एवढेच विचारू नये. त्या प्रश्नाला आमच्या पिढीचे उत्तर ठरलेले आहे. ‘आज साखर किती आली?’, ‘गोळ्यांची पाने किती उरली?’, ‘व्हिडिओवर पाय दाखवा बरं,’ असे विचारावे. अशा प्रश्नाला खोटे उत्तर देणे अवघड जाते. मी स्वतः करून पाहिले आहे.

या जूनमध्ये सुनेचा शेवटच्या सत्राचा पेपर झाला. निकाल लागला, ती उत्तीर्ण झाली. दालमिलच्या मालकांनी खरेदीचा संपूर्ण विभाग तिच्याकडे सोपवला आहे. आम्ही पेढे आणले. मी अर्धाच खाल्ला.

त्या रविवारी रात्री पाहुणे गेल्यावर नात नेहमीप्रमाणे बॅटरी आणि आरसा घेऊन आली. गेल्या वर्षभरात तिने एकही रविवार चुकवलेला नाही. मी आज राहू दे म्हणालो, उशीर झाला होता. ती खाली बसली, माझा मोजा काढला आणि म्हणाली, “आईची परीक्षा संपली, आजोबा. तुमची नाही.”